नेट सपलं की फोन येतू

हरणाआत्तीनं पाणी सांडलेलं आमच्या वाडीत आजवर कुणी बघितलं न्हाई. माझं माहेर पलूसचं. तितं रानात पाणी, नळाला पाणी, दारात पाणी. लगीन होऊन हितं दुष्काळी माणात आले आन् दुसऱ्याच दिवशी सकाळी भांडी घासून पाणी अंगणात भिरकावलं. शेजारच्या वट्यावरनं अशी आरोळी आली की माझ्या हातातलं पातेलं गळून पडलं. "आगं ये पलूसकरणी! बापानं हीर दिलीया व्हय आंदण?"

हीच हरणाआत्ती. नात्यानं माझी कुणी न्हाई, निस्ती शेजारीण. पण त्या दिसापास्नं मला दोन सासवा झाल्या, आन् खरं सांगती, घरातली परवडली. भाजी धुतलेल्या पाण्यात हात धुवायचं, ते पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी शेरडाच्या बादलीत. आंघोळ करायची ती लिंबूणीच्या बुडाशी दगडावर बसून. "सांडलं की गेलं. सांडलेलं कुणाच्या बापाला भरता येत न्हाई," हे तिचं ठरलेलं बोलणं. मेंढरामागं रानोमाळ फिरलेली बाई. घागरभर पाण्यापायी लोकांच्या हिरीवर शिव्या खाल्लेल्या. तिला बोलायचा हक्क हुता.

माझी पिठाची गिरण हाय, तिच्या घराला लागून. दिसभर पट्टा फिरत असतू, म्हणून माझा आवाज मोठा. लोक म्हणत्यात मंगल भांडती. मी भांडत न्हाई, बोलती. भांडायची येळ आली तर भांडती बी, ती गोष्ट येगळी.

आत्तीचा मालक नानासोमामा लय वर्सामागं दम्यानं गेला. मेंढरं इकून टाकली, दोन शेरडं ठिवली. पोरगा एकच, रविराज. दहावी झाल्यावर त्याला विट्याच्या वळखीच्या माणसानं गलाईला नेलं. गलाई म्हंजी सोनाराकडचं मोडीचं सोनं आणायचं, भट्टीत आटवायचं, शुद्ध करून माघारी द्यायचं. आमच्या माणातनं, तिकडं खानापूर-आटपाडीकडनं लय माणसं त्या धंद्यात. कुणी आसामात, कुणी केरळात. रविराज तामिळनाडूत, सेलमला. तितंच दुकान टाकलं, तितंच पोरं शाळंत घातली. त्याची बायको माया आता भाजीवाल्याशी तमिळमदी घासाघीस करती म्हणं. वर्सातनं एकदा जत्रंला येणार, बकरं कापणार, चार दिस ऱ्हाऊन जाणार. त्याचं बी खोटं न्हाई. भट्टी थंड पडली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय. हे मी आधीच सांगून ठिवती, न्हाईतर तुमी म्हणशीला मंगल निस्ती पोराला शिव्या घालाय बसलीया.

आन् पोरगा चांगला हुता वो. रोज दिवं लागायच्या टायमाला त्याचा फोन यायचा. आत्तीकडं बटणाचा बारका फोन. तुळशीपुढं दिवा लावून ती वट्यावर बसायची, फोन मांडीवर. "जेवलीस का? शेरडू व्यालं का? पाय दुखतूय का?" येवडंच. रोज तेच इचारायचा, ही रोज तेच सांगायची. भिंतीपलीकडनं मला पाठ झालं हुतं. पण फोन ठिवला की बाईचं तोंड असं निवायचं, भाकर खाल्ल्यागत.

मागल्या साली आत्ती गोठ्यात घसरून पडली. हाक मारत हुती म्हणं. माझी गिरण चालू, मला कुठलं ऐकू येतंय? बऱ्याच येळानं दळण न्यायला म्हणून तिची वाट बघितली, आली न्हाई, तवा जाऊन बघितलं तर शेणात पडलेली. हाड मोडलं न्हाई, नशीब. पण तिकडं रविराज घाबरला. चैतातल्या जत्रंला आला तवा येताना विट्यातनं कॅमेरा घिऊन आला.

सोप्यात वर लोखंडाची दांडी ठोकली, तिला तो वाटीयेवडा कॅमेरा लावला. त्यातनं सगळा सोपा दिसतू, उंबरा दिसतू, फुडचं अंगण आन् गोठ्याचं दार बी दिसतंय. आमच्या गावातला सिद्धू घरोघरी नेटच्या वायरी वढतू, त्याच्याकडनं नेट घेतलं. आयेला करमणूक पायजे म्हणून भिंतीयेवडा टीव्ही आणला, त्यो बी नेटवरच चालणारा. कॅमेरा स्वस्तातला. निस्तं दिसतंय, त्यातनं बोलता येत न्हाई, ऐकू बी जात न्हाई. चालू असला की बारका निळा दिवा, बंद पडला की तांबडा.

जाताना रविराज म्हणला, "आये, आता काळजी न्हाई. भट्टीम्होरं बसून मोबाईलवर तुला बघीन."

आन् फोन बंद झाला. एकदम न्हाई, हळूहळू. पयल्यांदा एक दिसाआड आला. मग आठवड्यानं. आत्तीनं एकदा स्वताच माझ्याकडनं लावून घेतला तर म्हणला, "फोनवर काय इचारायचं आये, सगळं दिसतंयच की. आत्ता वट्यावर बसलीयास, मंगलवैनी शेजारी हाय." आमी दोघींनी वर बघितलं. म्या पदर सारखा केला.

मला ते कॅमेऱ्याचं पयल्यापास्नं आवडलं न्हाई. पण आत्तीनं ते लय मनावर घेतलं. फाटकं लुगडं घालायची बंद झाली. चुलीपाशी जेवणारी बाई ताट घिऊन सोप्यात यायला लागली, काय खाल्लं ते पोराला दिसावं म्हणून. भाकरी जरा वर धरून मोडायची. बाहीर निघाली की उंबऱ्यात थांबून वर बघायची, "रानात चाललीया रं, दुपारला येती." माघारी आली की, "आले रं."

म्या म्हणलं, "आवं आत्ती, त्यातनं ऐकू जात न्हाई."

"जाऊ दी. तोंड हललेलं तर दिसतंय न्हवं?"

म्या गिरणीकडं वळले.

तर पयलाच पुरा महिना. निम्मा सरला नसंल, आन् निळा दिवा तांबडा झाला. दुपारचं मी दळण काढत हुते. आत्तीचा फोन वाजला. माझी गिरण तवा नेमकी पट्टा निसटल्यानं बंद, म्हणून समदं ऐकलं. "आये! आये, काय झालं? दिसंनास का? बरी हायस न्हवं?" पोराचा आवाज फाटला हुता. आत्ती निस्ती "बरी हाय रं, बरी हाय," म्हणत हुती.

सिद्धू आला. मोबाईलमदी बघितलं आन् म्हणला, "आजी, तुमचा महिन्याचा डाटा सपला."

"सपला म्हंजी?"

"म्हंजी टँकरनं महिन्याचं ठरलेलं पाणी टाकलं, ते सगळं वापरून झालं. आता फुडच्या एक तारखंला टँकर."

माणातल्या बाईला टँकर समजावून सांगाय लागत न्हाई. पण आत्ती चिडली. "म्या टिपूस बी वापरलं न्हाई. टीव्हीला तर हात न्हाई लावला."

"तुमी न्हाई वापरलं. रविभाऊनं वापरलं. त्यानं तिकडनं मोबाईलवर बघितलं की हितलं नेट जातंय. न्हाई बघितलं तर जात न्हाई. दिसभर लावूनच बसत्यात वाटतं."

म्या इचारलं, ह्याच्यापरास मोठा कोटा न्हाई का? सिद्धू म्हणला, वाडीपतुर वायर आली हेच लय झालं वैनी, मोठा प्लॅन हितं चालत न्हाई.

पण आत्तीचं ध्यान तिकडं नव्हतंच. दिसभर लावूनच बसत्यात, येवडंच तिनं ऐकलं हुतं. त्या आठवड्यात गिरणीत दळायला आलेली एक बी बाई सुटली न्हाई तिच्या तावडीतनं. "माझ्या रविराजनं सगळं नेट बघून बघून सपवलं बया! धंदा करतूय का मलाच बघत बसतूय कुणाला ठावं." तक्रार केल्यागत सांगायची आन् तोंडावर हसू मावत नसायचं.

आन् मजा काय, एक तारखंपतुर रोज सांजंला फोन. कॅमेरा बंद म्हणल्यावर करतूय काय? "जेवलीस का? शेरडू बरं हाय का? पाय दुखतूय का?" पुन्यांदा सगळं पयल्यागत. एक तारीख आली, दिवा निळा झाला, फोन बंद.

दुसऱ्या कुणी बाईनं काय केलं असतं? टीव्ही लावला असता, नेट लवकर सपवलं असतं, पोराशी फोनवर बोलली असती. मला तर हेच सुचलं, आन् म्या तिला बोलून बी दाखवलं. तर माझ्यावरच उखडली. "माझ्या दोन शबुदापायी पोराचं बघणं तोडू व्हय? त्याला तितं परक्या मुलखात माझं तोंड बघून बरं वाटत असंल." आन् त्या नेटची अशी काय राखण सुरू केली, की बघत ऱ्हावं. टीव्हीवर चादर घातली, कारण सिद्धू म्हणला हुता टीव्ही लय पितू. वाडीतली पोरं वट्याशी मोबाईल घिऊन घुटमळायची, त्यास्नी हातात काठी घिऊन हुसकलं. माझ्या लेकीचा बारावीचा निकाल. माझ्या मोबाईलचा डाटा सपलेला. म्या म्हणलं, आत्ती, घटकाभर तुमचं नेट द्या, निकाल बघती. तर म्हणली, "त्याच्या बघण्यातलं मी कुणाला देत न्हाई."

मला असा राग आला! पोरगी पास झाल्याचं तिसऱ्याच्या घरात जाऊन बघितलं. आठवडाभर आमचं बोलणं बंद. तिचं दळण मी दळलं पण पिशवी हातात न्हाई दिली, वट्यावर ठिवली. शेवटी तीच आली, वाटीत खरवस घिऊन. मग मी बी गप झाले. खरवसाम्होरं राग किती टिकणार?

तिच्या राखणीला यश यायला लागलं, असं तिला वाटलं. दुसऱ्या महिन्यात नेट निम्म्याच्या बरंच फुडं गेलं. आषाढात आणखी फुडं. गौरी-गणपतीच्या महिन्यात शेवटचं चार दिसच तांबडा दिवा लागला. चार दिस फोन आला, त्यातलं एक दिस तर मायानंच लावला, "तुमचा ल्योक कामात हाय," म्हणली. आत्ती मला सांगायची, "बघ, कसं पुरवून वापरलं. आता पोराला महिनाभर दिसती मी." तिला अभिमानच वाटत हुता. आन् सांज झाली की फोन घिऊन वट्यावर बसायची सवय काय सुटली नव्हती. बसायची, अंधार पडला की उठून आत जायची. म्या बघत हुते. मला बी डोक्यात काय आलं न्हाई. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते काय उगाच न्हाई.

दसऱ्याच्या महिन्यात तांबडा दिवा लागलाच न्हाई.

महिना सरता सरता सिद्धू वायर बघायला आला. आत्ती सोप्यात सुपात मटकी निवडत बसलेली. मी बी तिथंच. मोठ्या तोऱ्यात तिनं इचारलं, "सिद्धू, बघ रं जरा, किती ऱ्हायलंय ह्या महिन्याचं?"

त्यानं बघितलं. "लय ऱ्हायलंय की आजी. सगळंच ऱ्हायलंय म्हणा."

"मग ते फुडच्या महिन्यात घाल. पोराला सणाला उपेगी पडंल."

"ते तसं न्हाई जमत. ऱ्हायलेलं जातंय. एक तारखंला हौद मोकळा करून पुन्यांदा भरत्यात असं समजा."

"आगाई! आन् ऱ्हायलेलं सांडून टाकत्यात?" तिला तेच लय लागलं. "म्या येवडं जपून वापरलं, त्याचं काय?"

सिद्धू हसला. पोराच्या मनात काय वाईट न्हाई, सरळ बोलून गेला. "तुमी वापरा न्हाईतर न्हाई, काय फरक पडत न्हाई आजी. तुमचा टीव्ही बंद, आन् तिकडनं बी कुणी बघत न्हाई. मग नेट जाणार कुठं? शिल्लकच ऱ्हाणार."

तो गेला. मी आत्तीकडं बघितलं. तिनं सुपातला एक खडा उचलला, अंगणात टाकला. मग दुसरा. मला वाटलं रडंल, शिव्या घालंल, मला म्हणंल लाव फोन त्या भाड्याला. काय न्हाई. सूप पाखडलं, मटकी डब्यात भरली, शेरडाला पाला टाकायला गेली. उंबऱ्यात थांबली मातर. वर बघितलं. काय बोलली न्हाई.

गिरण दिसभर चालवून एकदम बंद केली की कान सुन्न पडत्यात. कुणी बोललं तर तोंड हललेलं दिसतंय, ऐकू येत न्हाई. मला तसं झालं. तिला काय झालं ते मला कळलं न्हाई. तिच्या तोंडावर काय नव्हतंच. चिडलेली हरणाआत्ती मला ठावी हाय, रडलेली बी ठावी हाय, नानासोमामा गेला तवाची. ही तिसरीच कुणीतरी हुती.

एक तारीख आली. नेट नवीन भरलं. आन् दोन तारखंला सकाळी गिरणीत मला पट्ट्याच्या आवाजावरनं गाणी ऐकू आली. दुपारी बी आवाज. सांजंला बी. दुसऱ्या दिशी तेच. मी गिरण थांबवून तिच्या घरात गेले. सोप्यात भला मोठा टीव्ही फडाफडा चालू. एक गोरी बाई लोणी फेटत हुती, इंग्रजीत काय काय सांगत हुती. टीव्हीम्होरं चिटपाखरू न्हाई. आत्ती परसात, बाजरीची कणसं निवडत बसलेली.

"आत्ती! आवं टीव्ही चालू हाय की! कोण बघतंय?"

"कोण न्हाई."

"मग बंद करू का? सगळं नेट चाललंय की वाया. सांडतंय सगळं!"

"सांडू दी," हरणाआत्ती म्हणली.

मी तिथंच बसले. ह्या बाईनं मला तांब्याभर पाण्यावरनं रडवलं हुतं. ही बाई तोंड धुतलेलं पाणी आळ्यात टाकती. आन् ही म्हणती सांडू दी. म्या म्हणलं, आसं का करतासा?

कणसावरची धूळ फुंकत ती म्हणली, "नेट सपलं की फोन येतू. सपवल्याबिगर येत न्हाई. म्हणून सपवतीया."

त्यात ना राग, ना लोभ. टँकर आला न्हाई, हिरीवर जातीया, असं सांगावं तसं सांगितलं. मी घरी आले आन् माझ्या मालकावर उगाचच वरडले.

टीव्ही सकाळपास्नं दिवं लागंपतुर चालायचा. एक सपलं की आपसूक दुसरं लागायचं. कवा कुस्त्या, कवा बर्फातनं जाणारी रेल्वे, कवा लहान पोरांची गाणी. शेरडाचं पिल्लू सोप्यात यिऊन टीव्ही बघत बसायचं, तेवडंच काय ते गिऱ्हाईक. आत्ती एकदा बी बसली न्हाई. मधून यिऊन निळा दिवा बघून जायची, दूध उतू गेलं का बघावं तसं.

आन् एक दिवस सपलं. टीव्हीवर चाक फिरत ऱ्हायलं, कॅमेऱ्याचा दिवा तांबडा झाला. आत्तीनं टीव्ही बंद केला, वर चादर घातली. आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली. फोन चार्जिंगला लावला, काढला, माझ्याकडं घिऊन आली. "मंगल, तुझ्या फोनवरनं एकदा वाजवून बघ गं. वाजतूय का न्हाई." म्या वाजवला. वाजला. ती जाऊन वट्यावर बसली.

त्या सांजंला फोन आला न्हाई.

दुसऱ्या सांजंला आला न्हाई. मी म्हणलं कामात असंल. तिसऱ्या सांजंला मी बी दळण बाजूला ठिवून तिच्यापाशी जाऊन बसले, उगाच कायबाय बोलत. फोन तिच्या मांडीवर, गप. ती म्हणली, "भट्टीचं काम. मोबाईल जवळ ठिवता येत न्हाई." मग म्हणली, "पोरांच्या परीक्षा असतील." मग उठून आत गेली.

आठवडा गेला. तांबडा दिवा तसाच. सेलममदी कुणाला त्याचा पत्ता न्हाई.

माझं डोकं फिरलं. लय दिस दाबून ठिवलं हुतं. एका सांजंला म्या तिला म्हणलं, "बास झालं आत्ती. आता मीच लावती. चांगली हजेरी घेती त्याची." ती म्हणली, नगं. म्या ऐकलं न्हाई. माझ्या फोनवरनं लावला, मोठ्यानं ऐकू येईल असा ठिवला, दोघींच्या मधी.

उचलला. मागं भट्टीचा फर्र फर्र आवाज. "हां मंगलवैनी! बोला! कशी हाय आमची पलूसकरीण?" आवाज असा गोड, की शिव्या बाजूलाच ऱ्हायल्या माझ्या. लहानपणी माझ्या गिरणीत पीठ उडवत खेळलेलं पोरगं.

म्या म्हणलं, "मी बरी हाय रं बाबा. तुझ्या आयेची काय खबरबात हाय का तुला? कवा फोन केलतास तिला?"

"आता फोन कशाला वैनी? रोज बघतूय की मी आयेला. कॅमेरा कशाला लावलाय मग? आज सकाळीच बघितली. सोप्यात बसलीया, सुपात मटकी निवडतीया. म्या मायाला बी दाखवली."

आमच्या डोक्यावर तांबडा दिवा. आठवडाभर मेलेला कॅमेरा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्या तोंड उघडलं. म्हणणार हुते, थोबाड फोडीन, लबाडा, कुणाला बघितलंस, कशातनं बघितलंस? तेवड्यात हरणाआत्तीनं माझं मनगट धरलं. असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. आन् फोनकडं वाकून, रोजच्या आवाजात म्हणली,

"व्हय रं. मटकीच निवडत हुते."

तिकडं त्याचा आवाज बारीक झाला. मग म्हणला, "आये, तू बी हायस व्हय तितं? बरी हायस न्हवं?"

"बरी हाय. दिसतीच की तुला."

"व्हय, व्हय, दिसतीस की. चल, ठिवू का? मुशीतलं सोनं उतू चाललंया."

"ठिव."

फोन बंद झाला. मी तिच्याकडं बघत बसले. "आत्ती, खोटं बोलला त्यो. तुमाला ठावं हाय, खोटं बोलला."

तिनं माझं मनगट सोडलं. "लाजला असता," म्हणली. "येवड्या लांब एकटा हाय. लाजला असता तर कवातरी येणारा फोन बी बंद झाला असता." मग उठली, पदर खोचला. "माझं दळण झालंया का?"

म्या आत जाऊन पिठाची पिशवी आणून दिली. मला रडू आलं न्हाई. काय बी आलं न्हाई. हातात पिठाचा उबारा तेवडा जाणवला.

एक तारखंला दिवा पुन्यांदा निळा झाला. त्या दिशी मी गेले तर आत्ती स्टुलावर चढलेली. बियाण्याला निवडलेली बाजरीची कणसं जुडी बांधून वर टांगायची असत्यात, घूस लागू नये म्हणून. आढ्याला जागा लय. पण तिनं ती जुडी कॅमेऱ्याच्या दांडीलाच बांधली. कणसं खाली लोंबली आन् कॅमेरा झाकून गेला. निळा दिवा मधनंच कणसातनं बारका दिसत हुता. म्या काय इचारलं न्हाई. स्टूल धरून उभी ऱ्हायले, ती उतरंपतुर.

नेट चालू हाय. महिना सरला की सगळं शिल्लक ऱ्हातंय, एक तारखंला सांडतंय, परत भरतंय. सिद्धू म्हणतू, आजी, बंद करून टाका की. आत्ती म्हणती, "ऱ्हाऊ दी. पोरानं लावलंय." टीव्हीवर चादर तशीच. फाटकं लुगडं पुन्यांदा निघालं. जेवण पुन्यांदा चुलीपाशी.

आता रानात जाताना ती उंबऱ्यात थांबत न्हाई. भिंतीपाशी येती, माझ्या गिरणीच्या दारात. गिरण चालू असती, तिचं तोंड निस्तं हललेलं दिसतंय. मी पट्टा उतरवती, गिरण बंद करती. गिऱ्हाईक वरडतंय, वरडू दी.

"मंगल, रानात चाललीया गं. दुपारला येती."

"या आत्ती," मी म्हणती. "मी हाय हितंच."